दावण

तात्या मिस्त्रींच्या कमरेला बैलगाडीच्या चामड्यातून कापलेला जाड पट्टा असायचा आणि त्या पट्ट्याला पाच सुतळ्या. एकीच्या टोकाला थापी, दुसरीला हातोडी, मग छिन्नी, गुण्या आणि पाण्याचा ब्रश. रंधा तेवढा मनगटाला. ते परांचीवर चालायला लागले की सगळी हत्यारं मांडीवर आपटत, किणकिणत त्यांच्याबरोबर निघायची. खालून पोरं ओरडायची, "निघाले तात्या बैलं घेऊन!"

तात्यांना त्याचा राग नव्हता. "बैलंच हायेत," ते म्हणायचे. "दावं सोडलं की दुसऱ्याच्या रानात. मग भांडान कुनी करायचं?"

ही 1998 सालची गोष्ट. पुण्यात कोथरूडच्या अंगाला एका सात मजली इमारतीवर मी साइट सुपरवायझर होतो. डिप्लोमा होऊन चारच महिने झाले होते. अंगावरचा शर्ट इस्त्रीचा आणि डोक्यातलं ज्ञानही तसंच, घडी न मोडलेलं. बाहेरच्या गिलाव्याचं काम सुरू होतं. तळापासून गच्चीपर्यंत बांबूची परांची, प्रत्येक सांधा काथ्याने आवळलेला, आडव्या बांबूंवर फळ्या. बांधकाम कामगारांसाठीचा केंद्राचा कायदा दोन वर्षांपूर्वी, 1996 साली झाला होता. त्याचे केंद्रीय नियम 1998 साली आले आणि महाराष्ट्राचे स्वतःचे नियम यायला पुढं 2007 उजाडलं. आमच्या साइटवर त्यातलं काहीच पोचलेलं नव्हतं. चार हेल्मेटं होती. ती ऑफिसच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची, आर्किटेक्ट आले की खाली उतरायची.

म्हणजे साइटवर सुरक्षा म्हणून जे काही होतं, ते तात्यांच्या कमरेला होतं.

तात्या मूळचे बीडकडचे. 1972 च्या दुष्काळात वडलांबरोबर खडी फोडायला घराबाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. बैल तेव्हाच विकले गेले. पण दावं मारायची गाठ हातात राहिली. ती गाठ मी त्यांच्याकडून शिकलो. ओढ बसली की आवळते, आणि सोडवायची म्हटली तर एका बोटाने सुटते. नवीन पोरगा कामावर आला की तात्या त्याला पहिल्या दिवशी वर नेत, पट्ट्यातून आपला पितळी ओळंबा काढत आणि दोरी सोडून त्याच्यापुढं धरत.

"ह्याला बघ. ह्यो कधी खाली पडला असं ऐकलंस? न्हाई ऐकनार. जल्मापासनं बांधलेला हाय. म्हनून सरळ हाय."

माल वर चढवण्याबाबतही त्यांचं असंच. साइटवर सिमेंट-वाळू कालवून होतो तो 'माल', हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. तोवर मी 'मॉर्टर' म्हणत होतो आणि बिगारी माझ्याकडे पाहून गालात हसत होते. कप्पीवरून वर येणारी बादली काठोकाठ भरलेली दिसली की तात्या वरूनच परत खाली सोडायचे. "चार बोटं रिकामी ठेव. बादली झुलती, माल न्हाई झुलत, सांडतो." कप्पीच्या हुकाच्या तोंडाला त्यांनी बाइंडिंग वायरचे दोन वेढे मारून घेतले होते, बादलीचं कडं उसळून बाहेर येऊ नये म्हणून. ॲल्युमिनियमची लांब पट्टी वर घ्यायची तर दोन ठिकाणी बांधून, उभी. विटा घमेल्यात रचून वर ओढलेल्या त्यांना चालत नसत. आणि फेकाफेकी तर अजिबात नाही. खालच्या फळीवरचा गडी "तात्या, छिन्नी टाका," म्हणाला की तात्या दोरीनं सोडायचे, सावकाश, विहिरीत कळशी सोडावी तशी. तेवढ्या वेळात तो गडी दोन शिव्या पुटपुटून घ्यायचा.

संध्याकाळी काम सुटलं की फळ्या झाडायच्या. वाळलेल्या मालाचे गोळे, विटांचे तुकडे, खिळे, सगळं गोणीत भरून खाली. हे मला तेव्हा सोवळं वाटायचं. मग मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव आला. शेजारच्या प्लॉटवरच्या परांचीवर कुणीतरी प्लायचं अर्धं पान नुसतं टेकवून ठेवलं होतं. ते वाऱ्यानं उचललं, पत्त्यासारखं दोन-तीन वेळा फिरलं आणि रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या टपरीवर जाऊन बसलं. आमच्या परांचीवरून त्या दिवशी एक रिकामी सिमेंटची पिशवीसुद्धा उडाली नाही. तात्या टपरीकडे बघून काही बोलले नाहीत. बिडी तेवढी जरा जास्त ऐटीत ओढली.

ती ऐट पुढच्या गोष्टीत महत्त्वाची आहे.

संतोष नावाचा एक तरुण गवंडी होता. हात विलक्षण चपळ. तात्या दोन चौरस मीटर करेपर्यंत हा तीन करायचा आणि फरक पट्टी लावूनही सापडायचा नाही. त्याला सुतळ्या नको होत्या. "गुंततात तात्या. हात अडकला तर मीच पडेन." यातही तथ्य होतं, हे मला आज कळतं. लांब लोंबणारी दोरी बांबूच्या टोकात अडकू शकते. ती हाताला पुरेल एवढीच हवी. पण तात्यांना तो वाद घालायचा नव्हता आणि संतोषला समजून घ्यायचं नव्हतं. एक दिवस पाचव्या मजल्यावर त्याचा रंधा ओल्या हातातून निसटला.

लाकडाचा रंधा, फार तर अर्धा किलो. मी खाली उभा होतो आणि पुस्तकी माणसासारखा भिंतीच्या पायथ्याशी बघत होतो, कारण वस्तू सरळ खाली पडते हे मी शिकलो होतो. रंधा चौथ्या मजल्याच्या आडव्या बांबूला लागला, टप्पकन बाहेर उडाला आणि भिंतीपासून बराच लांब, पारूबाईच्या वाळूच्या चाळणीवर येऊन आदळला. चाळणीची जाळी मधोमध फाटली. पारूबाई त्या वेळी नळावर पाणी भरायला गेली होती.

ती आली. आरडाओरडा होईल म्हणून मी तयार होतो, पण तिनं कळशी खाली ठेवली, भिंतीला टाच लावली आणि चाळणीपर्यंत पावलं मोजत आली. बारा. मग आणखी तीन पावलं पुढं गेली आणि तिथं वाळूत पायानं रेघ ओढली. दुपारपर्यंत तिथं पाण्याचे दोन रिकामे टिप, मध्ये आडवा बांबू आणि बांबूला जुन्या लुगड्याच्या लाल काठाची पट्टी, असं कुंपण उभं राहिलं. इमारतीच्या त्या सगळ्या अंगाला. आत जायला एकच वाट, आणि त्या वाटेवर तिची नवी चाळणी.

पारूबाई दिवसभर खालीच असायची. वाळू चाळायची, माल कालवायला मदत करायची, संध्याकाळी गिलाव्यावर पाणी मारायची. वर चढलेल्या माणसाला धास्ती असते ती आपण पडायची. वरून आपल्यावर काय येईल, ही धास्ती खाली राबणाऱ्याची. आमच्या साइटवर सगळी अक्कल वरच्या माणसांकडे आहे, असा समज होता. तो माझाही होता.

"आत कोन जायाचं न्हाई वर काम चालू असताना," तिनं जाहीर केलं. "जायाचं असंल तर मला सांगायचं, मी वर हाळी घालनार, वरचं काम थांबनार, मग जायाचं."

गडी हसले. मुकादम म्हणाला, "पारूबाईचं चेकनाकं." ठेकेदाराची स्कूटर एकदा तिनं बाहेर लावायला लावली, तेव्हा तर तिच्या हजेरीवरच गदा आली होती, मी मध्ये पडलो म्हणून निभावलं. तरीही मला स्वतःला ते कुंपण जाचायचं. ऑफिसच्या खोलीतून जिन्याकडे जाताना भिंतीला लागून एक सरळ वाट होती, वीस पावलांची. कुंपणामुळे पूर्ण इमारतीला वळसा पडायचा. मी आणि तात्या, आम्ही दोघं तिची नजर चुकवून तीच वाट धरायचो. मी साहेब म्हणून. तात्या, तात्या म्हणून.

पारूबाईनं त्यांना एकदा अडवलं. तात्या बांबूखालून वाकून जाता जाता म्हणाले, "पारू, कुंपन पोरांसाठी हाय. माझी दावन पक्की हाय गं. माझ्याकडनं पडनारच न्हाई तर खाली कोन हाय नि कोन न्हाई, काय फरक?"

ती म्हणाली, "वरून काय पडंल ते मला काय ठावं, तात्या? खाली कोन नसलं मंजी झालं."

माझ्या मते त्या साइटवर दीड वर्षात बोललं गेलेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य हेच. तेव्हा मला ते अडाणी वाटलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर मागच्या बाजूचा शेवटचा पट्टा उरला होता. तात्या सहाव्या मजल्यावर कोपऱ्याची ओळ घेत होते. त्यासाठी ओळंबा वरून बाहेर सोडतात. तो डुलायचा थांबला की दोरी आणि भिंत यांतलं अंतर मजल्या-मजल्यावर मोजतात. सकाळचे साडेदहा असतील. मी नेहमीच्या वाटेनं निघालो तर पारूबाई नेमकी बांबूपाशीच उभी. "वर ओळ चाललीय सायेब. वळसा घाला." मी घड्याळ दाखवलं. तिनं घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. मी चरफडत वळसा घातला.

जिन्यात पोचलो, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलो असेन, तेव्हा बाहेर 'धप्' असा आवाज झाला. मोठा नाही. ओल्या मातीत कुदळ बसावी तसा. कुणी ओरडलं नाही, काही फुटलं नाही. मी खिडकीच्या चौकटीतून खाली पाहिलं. माती नुकतीच पाणी मारून ओली झालेली. भिंतीलगतच्या आमच्या वाटेवर, अगदी मधोमध, एक गोल भोक पडलं होतं. रुपयाच्या नाण्याहून जरासं मोठं, कडा स्वच्छ कापल्यासारख्या. आत काहीतरी पिवळं चमकत होतं.

वर पाहिलं तर तात्या फळीवर उकिडवे बसले होते. हातात लाकडी ठोकळा आणि त्यातून लोंबणारी वीतभर दोरी.

ते खाली उतरले. सहा मजले परांचीवरून उतरायला त्यांना एरवी पाच मिनिटं लागत. त्या दिवशी किती लागली ते मी मोजलं नाही. बांबूपाशी येऊन थांबले. वाकले नाहीत. पारूबाईनं वर हाळी घातली, वरचे हात थांबले, मग तिनं बांबू बाजूला केला. तात्यांनी भोकात दोन बोटं घातली. ओळंबा निघेना. छिन्नीनं आजूबाजूची माती उकरावी लागली.

दोरी मी नंतर हातात घेऊन पाहिली. तात्यांनी ती कधी बदलली होती, त्यांनाच आठवत नव्हतं. वरून चांगली करकरीत, जाड दिसत होती. बोटात धरून चुरगळली आणि राखाडी पापुद्रे गळून पडले. जाडी दोरीची नव्हतीच, वाळलेल्या सिमेंटची होती. आतला सुती धागा पिवळट, भुसभुशीत, जुन्या वातीसारखा. सिमेंटचं पाणी कडक अल्कलीचं असतं. हाताच्या कातडीला ते काय करतं ते कोणत्याही गवंड्याच्या बोटांना विचारा. सूत, सुतळी, काथ्या ही सगळी झाडाची लेकरं. या पाण्यात भिजून उन्हात वाळली, पुन्हा भिजली, की आतून मरत जातात आणि वरून साल धरतात. कमरेच्या पाच सुतळ्या आम्ही तिथंच ओढून पाहिल्या. थापीची टिकली. गुण्याची आणि ब्रशची माझ्यासारख्याच्या एका हिसक्यात आली.

म्हणजे सगळ्या साइटला बांधायला शिकवणारा माणूस महिनोन् महिने सिमेंटच्या सालीवर विसंबून फिरत होता. आणि त्याच्या विश्वासावर मी.

संध्याकाळी तो ओळंबा मी किराणा दुकानात तागडीत घालून पाहिला. 600 ग्रॅम. सहावा मजला म्हणजे 18 मीटर. कागदावर आकडे मांडले. खाली यायला दोन सेकंदसुद्धा नाहीत. जमिनीवर टेकताना वेग ताशी जवळपास 68 किलोमीटर. या दोन सेकंदांत वरच्यानं ओरडायचं, खालच्यानं ऐकायचं, आणि ऐकून माणूस पहिल्यांदा काय करतो? मान वर करतो. पुढं कधीतरी हेल्मेटांची माहिती वाचताना कळलं की युरोपातल्या मानकात टोपीवर 5 किलोचं वजन 1 मीटरवरून टाकून बघतात. वजन गुणिले उंची, साधा हिशेब: तिथं 5, आमच्या ओळंब्याचे 10.8. दुपटीहून जास्त, आणि तेही टोकाकडून. खिळ्याला टांगलेलं हेल्मेट मी घातलं असतं तरी. हेल्मेट घालू नये असं मी म्हणत नाही. मी त्यानंतर कधीही त्याशिवाय साइटवर उभा राहिलो नाही. पण टोपीला काय झेपतं आणि काय नाही, ते माहीत असलेलं बरं.

आणखी बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतली एक हकीकत वाचली आणि मला थेट तो ओळंबा आठवला. 18 सप्टेंबर 1980. अर्कान्सॉ राज्यात दमास्कस गावाजवळ जमिनीखालच्या खोल विवरात टायटन-2 जातीचं क्षेपणास्त्र उभं होतं, टोकावर 9 मेगाटनांचा अणुबॉम्ब. नेहमीच्या देखभालीचं काम चालू होतं. पान्याच्या टोकाचा सॉकेट निसटला. सुमारे 80 फूट खाली पडला, आपटून उसळला आणि इंधनाच्या टाकीला भोक पाडून गेला. रात्रभर इंधन गळत राहिलं, पहाटे स्फोट झाला, हवाई दलाचा एक जवान गेला. अणुबॉम्ब विवराबाहेर फेकला गेला. फुटला नाही, एवढंच. तिथं नियमांचे ग्रंथच्या ग्रंथ होते. पाना हातात होता, तो पडला नाही. पडला तो त्याच्या टोकाचा तुकडा.

असो. अमेरिकेतून परत कोथरूडला येतो, कारण दुसऱ्या दिवसाची सकाळ सांगायची राहिली.

तात्या रोजच्यापेक्षा लवकर आले होते. हातात नायलॉनच्या दोरीचं नवं भेंडोळं, हिरव्या रंगाचं, स्वतःच्या पैशानं आणलेलं. पारूबाईच्या चाळणीशेजारी विटेवर बसून त्यांनी जुन्या पाचही सुतळ्या कापल्या. नव्या बांधल्या, हाताला पुरेल एवढ्याच लांब. टोकं काडीनं वितळवून घेतली. शेजारी संतोष उभा होता. तात्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. उरलेल्या भेंडोळ्यातून वावभर दोरी कापून त्याच्या बाजूला सरकवली. त्यानं ती उचलली.

मग तात्या उठले, आत जायच्या वाटेपर्यंत आले आणि थांबले. बांबू पाडलेला होता. त्यांनी कमरेचा पट्टा सोडला आणि सगळ्या हत्यारांसकट पारूबाईपुढं धरला.

"ओढ."

"मी?"

"तूच. माझ्या हाताला माझी गाठ सैल लागत न्हाई."

पारूबाईनं लुगड्याला हात पुसले. थापीची दोरी दोन्ही हातांनी ओढली, पाय रोवून, रहाटाला ओढावी तशी. मग छिन्नीची. मग गुण्याची, ब्रशची. एकही हलली नाही. तात्यांच्या चेहऱ्यावर कालचा उतरलेला रंग जरासा परत आला. शेवटी हातोडी. तिनं दोरी ओढून पाहिली, पक्की होती, दांड्याच्या गळ्यापाशी दुहेरी गाठ. पट्टा परत देता देता ती थांबली. दोरी सोडून तिनं हातोडीचं लोखंडी डोकंच मुठीत धरलं आणि डावी-उजवीकडे हलवलं. ते लाकडावर खुळखुळलं.

"आन ह्ये, तात्या?"

तात्या बराच वेळ त्या डोक्याकडे बघत राहिले. मग मुकाट्यानं पुन्हा विटेवर बसले आणि संतोषला म्हणाले, "लाकडाची एक पाचर आन रं. बारीक."

वर कामाला चढलेली पोरं हाळीची वाट बघत फळ्यांवर बसून होती. पारूबाईनं त्यांना थांबा म्हणून हात केला आणि वाळू चाळायला घेतली.